भरलेली टाकी

पद्मावतीच्या सिग्नलला उभी होते, तेव्हा शेजारच्या स्कूटरवरच्या पोरीनं काचेवर टकटक केलं. तोंडाला ओढणी गुंडाळलेली, डोळे तेवढे उघडे. काच खाली केली तर म्हणाली, "काकू, तुमची कार लीक होतीये. मागून. पेट्रोलच असणार, कसला वास मारतोय!" तिच्या पलीकडे एक रिक्षावाला आरामात विडी ओढत बसला होता. मी ओरडले, "अहो, विडी विझवा आधी." त्यानं माझ्याकडे बघितलं, गाडीकडे बघितलं, धूर सोडला आणि म्हणाला, "का? रस्ता तुमच्या नावावर झालाय का?" सिग्नल सुटला. मागचे हॉर्न वाजवायला लागले. मी गाडी डावीकडे घेतली, एका बंद दुकानासमोर लावली, इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंग धरून तशीच बसून राहिले. भीतीनं नाही, रागानं. सगळी नोकरी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात काढलेली बाई मी. आत जाताना काडेपेटी दारावर काढून ठेवायची, बिनखिळ्यांचे बूट घालायचे, तांब्याच्या पट्टीला हात लावून अंगातली वीज उतरवायची आणि मगच उंबरा ओलांडायचा, हे माझ्या हाडात गेलेलं. घरात गॅसचं बटण जरा ढिलं राहिलं तर मला झोपेतून जाग येते. आणि खडकीपासून इथपर्यंत मी पेट्रोल सांडत आले आणि मला पत्ता नाही? मग आरशाला टांगलेली हिरवी बाटली दिसली. मोगरा. विश्वाच्या माणसांनी लावलेली. माझ्या गाडीत, मला न विचारता, माझ्या नाकावर अत्तर ओतून ठेवलं होतं. बाटली हिसकून काढली, खिडकीतून भिरकावणार होते, पण रस्त्यावर कचरा टाकायचा नाही असं वळण आहे, म्हणून पिशवीत ठेवली. असा माझा राग. त्याला नेहमी एखादी पिशवी सापडते.

विश्वा म्हणजे विश्वजीत, माझा धाकटा भाऊ. त्याच्या पोराचं, पृथ्वीराजचं, आज रात्री लग्न होतं आणि त्याआधी संध्याकाळी आंबेगावात, माझ्या माहेरी, परण्या निघणार होता, नवरदेवाची घरापासून मारुतीच्या देवळापर्यंत वाजतगाजत मिरवणूक. पूर्वी त्याला घोडा असायचा. आता घोड्यात मजा राहिली नाही, आता जुनी गाडी लागते, आणि आमच्या अख्ख्या भावकीत जुनी गाडी एकच, ही फियाट. आमच्या वडिलांची, म्हणजे गेनबांची. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. कात्रजच्या डेअरीला दूध घालायला आबांनी ही गाडी घेतली तेव्हा गाव हसलं होतं. मागची सीट काढून तिथं ते किटल्या ठेवायचे. पहाटे त्यांच्या शेजारी मी बसायची. विश्वा पाळण्यात होता, त्यामुळे बॅटरीचा उजेड धरायला आणि मागतील तो पाना द्यायला मीच. आंबट दूध आणि पेट्रोल यांचा मिळून जो वास येतो, तो मला अजून कुठे आला तर मी मान वळवून बघते. आबा मला शिकवतोय असं कधी म्हणाले नाहीत. पोरीला गाडी शिकवतोय म्हटलं असतं तर गाव आणखी हसलं असतं. ते नुसते "धर" म्हणायचे, आणि मी धरायची.

मग शहर आमच्याकडे चालत आलं. जमिनीला भाव आला आणि विश्वाला खडकीचा रस्ता सापडला. मिठाईचा पुडा घेऊन आला, माझ्या सासूच्या पाया पडला, आणि जाताना चपला घालता घालता म्हणाला, "आक्का, हक्कसोड करायला लागंल तुला." बहिणीनं भावासाठी आपला हिस्सा सोडायचा असतो. सगळ्यांच्या बहिणी सोडतात. वरच्या आळीत एकीनं सोडला नाही, तर तिच्या भावानं दिवाळीला तिला दार उघडलं नाही, ही गोष्ट माझी आई, सरुबाई, मला दर सणाला सांगायची, जशी दुसऱ्या आया भुताची गोष्ट सांगतात. आई म्हणाली, "एका सहीचा तर प्रश्न हाय जया. जमीन काय डोक्यावर घिऊन जायचीय? माहेर राहू दे." मी सही केली. कचेरीतून बाहेर आल्यावर विश्वानं मला उसाचा रस पाजला, आणि रसवाल्याला सांगितलं, बर्फ कमी टाक, आक्काचा घसा धरतो. त्या रसाचा मला आजही राग आहे. जमिनीपेक्षा जास्त. आबा दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. संध्याकाळी गोठ्यामागं घेऊन गेले. तिथं ही गाडी चारी टायर बसलेली, आत कोंबड्या. त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि म्हणाले, "ही तुझी. हिच्यावर कुणाचा डोळा न्हाय." खरंच नव्हता. भंगारवालासुद्धा नको म्हणाला होता. मी ती टेम्पोला बांधून खडकीला ओढत नेली. कागद माझ्या नावावर केले. यजमान गेल्यावर माझे रविवार या गाडीखाली गेले. एकेक वस्तू शोधून, घासून, बसवून मी तिला रस्त्यावर आणली, तेव्हा आबा बघायला नव्हते. आणि ती नीट चालायला लागली त्या दिवसापासून मात्र तिच्यावर सगळ्यांचा डोळा.

मी उतरून डिकी उघडली. वाफ अशी तोंडावर आली की डोळ्यांत पाणी आलं. या गाडीची टाकी डिकीतच, एका पुठ्ठ्याच्या आडोशामागं. तिच्या माथ्यावर एक गोल चकती स्क्रूंनी आवळलेली असते. त्या चकतीच्या पोटातून एक तार आत जाते, तारेच्या टोकाला तरंगणारा डबा, आणि तो वरखाली होईल तसा समोरचा पेट्रोलचा काटा हलतो. सगळे त्याला फ्लोट म्हणतात. माझ्या गाडीचा काटा कित्येक वर्षं मेलेला होता आणि माझं त्यावाचून काही अडलेलं नव्हतं. गाडी हाताने हलवून आवाज ऐकला की मला कळायचं किती आहे ते. पण मागच्या आठवड्यात विश्वानं गाडी पॉलिशला नेली. त्याच्या कुठल्याशा माणसानं काटा बंद आहे असं बघून चकती उघडली, काटा चालू केला, आणि वाळून कडक झालेली चकतीखालची जुनी बुचाची गॅस्केट तशीच परत दाबून वर नळीतलं सिलिकॉन फासलं. पेट्रोलमध्ये सिलिकॉन! ते फुगून शेंबडासारखं लोंबत होतं, आणि खड्ड्यात गाडी हलली की त्याच्या कडेनं पेट्रोल उसळून बाहेर येत होतं. एवढ्यानंही सांडलं नसतं, टाकी निम्मी असती तर. पण टाकी काठोकाठ भरलेली होती. ते प्रेमलाचं काम, विश्वाच्या बायकोचं. शेजारणीची वाटी परत देताना रिकामी देऊ नये, चिमूटभर का होईना साखर घालून द्यावी, हे तिला तिच्या आईनं शिकवलेलं. काल फोनवर मोठ्या कौतुकानं म्हणाली होती, "वन्सं, तुमची गाडी आम्ही नेली, मग रिकामी कशी पाठवायची? फुल्ल करूनच धाडली." त्या बिचारीवर मला रागावताही येईना. सरळ कुणावर रागवावं असं या घरात कुणी ठेवलेलंच नाही. प्रत्येक जण काहीतरी गोड करून ठेवतो आणि मग गळतं.

पुढच्या चौकातल्या स्पेअरच्या दुकानात मी पेट्रोलला चालणारं रबरमिश्रित बुचाचं शीट मागितलं. दुकानदार म्हणाला, "मॅडम, मेकॅनिकला पाठवा. तुम्हाला नाही समजायचं." मी म्हटलं, "मेकॅनिकला समजलं म्हणूनच ही वेळ आलीय. शीट द्या." परत फिरावं असं एकदा मनात आलं. पण फिरले असते तर विश्वा म्हणाला असता, आक्कानं मुद्दाम केलं. तो म्हणाला नसता तर आई म्हणाली असती. म्हणून काचा उघड्या टाकून, गाडी बाळंतिणीसारखी सांभाळत, मी कात्रजचा चौक ओलांडला आणि आंबेगावच्या फाट्याला वळले. वळले, आणि समोर फ्लेक्स. कमानीएवढा. त्यावर पृथ्वीराज काळा चष्मा लावून हात बांधून उभा, मागं माझी गाडी, तिच्या नंबरासकट, आणि ढगांत आबा. खाली मोठ्या अक्षरांत: 'वडिलोपार्जित गाडीतून नातवाचा शाही परण्या.' त्याखाली निमंत्रक म्हणून भावकीतल्या पुरुषांचे फोटो, बोटाएवढे. चुलत, मावस, आणि विश्वाचे दोन भागीदार, ज्यांनी आबांना जन्मात पाहिलं नाही. कोपऱ्यात 'आणि समस्त आत्या.' मी गाडी थांबवून ते वाचलं. वडिलोपार्जित. शिक्षण थोडं असलं तरी हा शब्द मला नीट कळतो, मी त्यावर सही केलेली आहे. जे वडिलोपार्जित ते भावाचं. जमीन होती, विहीर होती, आंब्याची झाडं होती. आता माझ्या हातांनी नटबोल्ट बदललेली गाडीसुद्धा झाली.

विश्वाचा बंगला म्हणजे जिथं आमचा गोठा होता ती जागा. अंगणात मांडव, खुर्च्या, कॅटररचे टोप, आणि फाटकाबाहेर बँजो पार्टीचा टेम्पो. गाडी आत घेतल्या घेतल्या पोरं टाळ्या वाजवत आली, हारवाला गोंड्यांच्या माळा घेऊन पुढच्या बाजूनं चढलाच. मी मागून डिकी उघडली आणि म्हटलं, "इथं कुणी काडी ओढायची नाही. मोबाइल लांब. टाकी गळतीये." विश्वा पांढऱ्या कडक कपड्यांत, गळ्यात साखळी, तोंडात सुपारी. वाकून वास घेतला आणि हसला. "आक्का, जुनी गाडी म्हटल्यावर वास यायचाच की. संध्याकाळपुरतं होऊन जाईल. तू टेन्शन घिऊ नको." मी म्हटलं, "दोन्ही बाजूंनी ठिणग्यांची कारंजी उडवणारेत म्हणे?" तो म्हणाला, "ते कोल्ड पायरो असतंय. थंड. हात धरला तरी भाजत न्हाय." मी म्हटलं, "वाफेला हात नसतो विश्वा. ठिणगी कशी का असंना, तिला पुरते. नीट झाल्याशिवाय गाडी हलणार नाही." तो मागं वळून भागीदारांना म्हणाला, "आमची आक्का बॉम्बच्या कारखान्यात व्हती. तिला सगळीकडं ठिणगीच दिसती." सगळे हसले. मग माझ्याजवळ येऊन, खांद्यावर हात ठेवून, हळू आवाजात, अगदी मायेनं म्हणाला, "मी काय म्हणतो, तुला आता झेपत न्हाय ही. बघ, गळायला लागली. आज परण्या झाला की हितंच राहू दे. पोर्चात काचेची खोली करतो तिला. वर आबांचा फोटो. चार माणसं बघतील. खडकीत तरी तुला कुठं पार्किंग हाय?"

गळायला लागली! तुझ्या माणसानं गळवली, आणि मला झेपत नाही? हे मी बोलले का? नाही. मी बॅटरीची तार सोडवली. मला बोलता येत नाही असं नाही. पण या अंगणात आले की माझ्या तोंडात काहीतरी बसतं, लहानपणी आजारात तोंडात थर्मामीटर ठेवायचे तसं. मिटून धर, बोलू नको, दुसरे सांगतील किती ताप आहे ते. कारखान्यात मी लोकांवर ओरडले आहे. साहेबाला एकदा बिल्ला विसरला म्हणून दारावर उभं केलं आहे. इथं मात्र मी जया, मोठी, समजूतदार, जिला सगळं चालतं. एवढं मात्र मला स्वच्छ दिसत होतं की आज किल्ली विश्वाच्या हातात गेली की ती परत येणार नाही. भांडण होणार नाही, हिसकाहिसकी होणार नाही. नुसती काचेची खोली होईल, आणि दर दिवाळीला मी तिच्यासमोर उभी राहून फराळ खाईन.

टाकी खाली केल्याशिवाय चकती उघडता येत नव्हती. नळी मागितली, तर त्या एवढ्या मोठ्या घरात रबराची नळी नाही. ज्या जागेवर पाण्याचे पाट वाहिले, जिथं पाइपांची भेंडोळी पडलेली असायची, तिथं आज बादलीला कडी लावायला तार मिळेना. शेवटी प्रेमला पाण्याच्या फिल्टरची नळी कापून घेऊन आली. नऊवारी नेसलेली, नथ घातलेली, कपाळावर घाम. "वन्सं, माझ्यामुळं झालं का हो हे?" म्हणाली. मी म्हटलं, "तू साखरच घातलीस गं. वाटी फुटकी करून ठेवली होती." कॅटररचा माणूस पेट्रोल धरायला प्लॅस्टिकचे जार घेऊन आला, ते मी परत पाठवले. प्लॅस्टिक अंगात वीज धरतं. दिवाणखान्यात आबांच्या दुधाच्या किटल्या होत्या, रंगवून, वर वारलीची चित्रं काढून, मोरपिसं खोचून ठेवलेल्या. मी आत गेले, मोरपिसं काढून सोफ्यावर ठेवली आणि किटल्या अंगणात आणल्या. गाडीच्या पत्र्याला हात लावला, किटलीला लावला, नळीचं एक टोक टाकीत सोडलं आणि दुसरं तोंडात धरून ओढलं. आबा असंच ओढायचे आणि वेळेवर तोंड बाजूला घ्यायचे. माझा अंदाज जरा चुकला. घोटभर पेट्रोल तोंडात आलं, जिभेला आग लागली, मी थुंकले, खोकले, डोळ्यांतून धार लागली. पाहुण्या बायका खुर्चीवरून बघत होत्या. लग्नघरात आत्या पेट्रोल पिऊन थुंकतीय! खोकता खोकता मला हसू आलं, आणि त्याच्याच पाठोपाठ असा संताप आला की हातातला पाना मी कुणाच्या तरी डोक्यात घातला असता. कुणाच्या ते समोर कोण आलं असतं त्यावर होतं.

समोर आला पृथ्वीराज. अंगाला हळद, हातात मोबाइल, माझी नजर जाताच तो त्यानं दूर खुर्चीवर ठेवला. एवढा तरी शहाणा आहे. हा पोरगा लहानपणी सुट्टीत खडकीला यायचा, माझ्या हातची भाकरी खायचा, या गाडीच्या टपावर झोपायचा. "आत्या, काय सीन आहे? होईल ना? फोटोवाला विचारतोय, त्याला गाडीचा शॉट पाहिजे." मी म्हटलं, "होईल." तो म्हणाला, "नाही झालं तरी चालेल हां. म्हणजे, पप्पांना नाही चालणार." आणि गेला. त्याच्यावर माझा राग नव्हता. असता तर किती सोपं झालं असतं.

स्क्रू काढायला गेले तर ते हातानंच फिरत होते, इतके ढिले. खालचे वायसर गायब. स्क्रू टाकीच्या आतपर्यंत जातात, त्यांच्याखाली वायसर नसला की पेट्रोल आट्यांतून वर चढतं, पण काटा हलल्याशी मतलब असलेल्या माणसाला ते कशाला कळायला? मी चकती हळूच तिरपी करून तारेसकट बाहेर काढली. पितळी डबा कानाजवळ हलवून बघितला, आत पेट्रोल शिरलेलं नव्हतं. सिलिकॉनचा गोळा नखानं खरवडला. चकती, टाकीचा ओठ, दोन्ही कोरडे होईपर्यंत पुसले, ओठ एका जागी दबला होता तो लाकडी ठोकळा धरून हलक्या हातानं सरळ केला. मग शीट चकतीवर ठेवून कडेकडेनं पान्याच्या दांड्यानं टकटक टकटक करत गेले, म्हणजे कडेचा ठसा उमटतो. आणि प्रेमलाच्या ब्लाऊज बेतायच्या कात्रीनं तो ठसा कापला. या वेळात माझ्या डोक्यात कुणी नव्हतं. विश्वा नाही, आई नाही, फ्लेक्स नाही. राग होता, पण तो हातांत उतरला होता आणि तिथं तो उपयोगी पडत होता. उरलेल्या शीटचे छोटे वायसर कापले. सुकंच बसवलं, काही फासलं नाही. स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळत नेले, एकाच बाजूनं आवळलं की दुसरी बाजू उचलते. फ्लोटची तार जोडली. मग किटल्यांतलं सगळं पेट्रोल परत टाकीत ओतलं, शेवटच्या थेंबापर्यंत, कारण निम्म्या टाकीवर कोणतीही चकती सोवळीच असते. पोरांना बोलावून गाडी मागून हलवली, दाबली, डोलवली. पांढऱ्या कापडानं चकतीची कड पुसली. कापड कोरडं. परत पुसली. कोरडं. डिकी उघडी ठेवून, वारा खेळू दिला, ऊन उतरेपर्यंत तिथंच स्टुलावर बसले. वास कमी कमी होत गेला आणि शेवटी नुसत्या गोंड्यांचा वास राहिला. बॅटरीची तार जोडली. एका फिरकीत गाडी सुरू झाली. बंद करून मी पुन्हा कापड फिरवलं. कोरडं.

तेव्हा मला माझं कळलं, आणि ते कळणं काही सुखाचं नव्हतं. सकाळपासून त्या गळतीनं मला बोलायला तोंड दिलं होतं. टाकी गळतीये म्हणून गाडी हलणार नाही, असं मी सगळ्यांदेखत ठणकावून म्हटलं होतं आणि कुणी माझं तोंड धरू शकलं नव्हतं. कारण होतं, भक्कम, पेट घेणारं. आणि ते मी स्वतःच्या हातांनी, कात्रीनं कापून, समोरासमोर आवळून संपवलं. काम वाईट करायला मला येत नाही, त्याला मी तरी काय करू? जर एक स्क्रू ढिला सोडला असता तर मी सुटले असते. सुरक्षिततेच्या नावाखाली गाडी घेऊन अब्रूनं घरी गेले असते, आणि माहेरही राहिलं असतं. आता गाडी ठणठणीत होती. आता किल्ली द्यायची नसेल तर नाही म्हणावं लागणार होतं. नुसतं नाही. कारणाशिवाय. तो शब्द मी या अंगणात जन्मात उच्चारला नव्हता.

विश्वा फेटा बांधून आला. मागं फेटेवाले, बँजोचा म्होरक्या, भागीदार, आणि शेरवानी घातलेला पृथ्वीराज. डिकीत वाकून विश्वानं मोठा श्वास घेतला. "बघ! काय वास न्हाय. उगं तापलीस सकाळच्याला. आण चावी." हात पुढं केला. तो हात मला ओळखीचा होता. रसाचा पेला देतानाचा तोच.

"नाही देत," मी म्हटलं.

"आता काय राहिलं?"

"काही नाही राहिलं. टाकी कोरडी आहे. गाडी चांगली चालू आहे."

"मग?"

"मग काही नाही. माझी आहे. नाही देत."

त्याला खरंच कळेना. त्यानं इकडंतिकडं बघितलं, जसं काही मी दुसऱ्या कुणाशी बोलत होते. मग त्याचा चेहरा उतरला आणि मग लाल झाला. "आक्का, माणसं बघायलीत. गावभर बोर्ड लागल्यात."

"वाचला मी. वडिलोपार्जित. तू जन्मलास तेव्हापासून वडिलोपार्जित ते सगळं तुझं, विश्वा. मी सही केली, मला ते मान्य आहे. ही वडिलोपार्जित नाही. ही मी उभी केलीय. हिच्यातला एक बोल्ट तुला माहीत नाही."

आईला कुणीतरी धरून बाहेर आणलं होतं. तिनं सगळं ऐकलं होतं की नुसते चेहरे बघितले होते कोण जाणे. "जया," ती म्हणाली, "एका सांजेचा तर प्रश्न हाय गं. माहेर तुटंल."

"तुटू दे, आई," मी म्हटलं, आणि म्हणताना माझा आवाज फाटला. ते मला लागलं, खूप लागलं, आणि तरी शब्द मागं घ्यावासा वाटला नाही.

पृथ्वीराज म्हणाला, "आत्या, मग मी कशात बसू?" लहान पोरानं विचारावं तसं. त्याच्या कपाळावर मुंडावळ्या हलत होत्या. मी त्याच्या गालावर हात ठेवला, हाताला पेट्रोल असेल याचंही भान राहिलं नाही. "बापाच्या गाडीत बस. ती मोठी आहे," म्हटलं. आणि दार उघडून आत बसले.

फाटकाबाहेर बँजोवाल्यांना आतलं काही माहीत नव्हतं. फुलांनी मढलेली गाडी बाहेर येताना दिसली आणि त्यांनी इशारत समजून ठोकायला सुरुवात केली. ताशा, बँजो, कर्णा, सगळं एकदम. पोरं नाचायला लागली. त्यांच्यातून वाट काढणं शक्य नव्हतं, ती माझ्यापुढं नाचत चालली आणि मी त्यांच्यामागं पहिल्या गिअरमध्ये. कुणी काचेवर थाप मारून "ओ मावशी, नवरदेव?" म्हणालं, ते आवाजात बुडालं. गल्ल्यांतून, टॉवरांच्या भिंतींमधून आम्ही असे चाललो. गच्च्यांवरून लोक मोबाइल धरून उभे. मी रडत होते, आणि राग तसाच होता, आणि दोन्हींतलं काहीच मला नकोसं नव्हतं.

देवळासमोर सुवासिनी ताटं घेऊन थांबलेल्या. पुढची बाई माझ्याच वयाची, निरांजनं वाऱ्यापासून हातानं झाकत गाडीजवळ आली, वाकली, मागच्या सीटवर बघितलं. तिथं कुणी नव्हतं. मग माझ्याकडे बघितलं, माझ्या मोकळ्या कपाळाकडे बघितलं.

"नवरा कुठं हाय?" तिनं विचारलं.

"मागं राहिला. येईल दुसऱ्या गाडीतून." मी इंजिन बंद केलं. "ही गाडी माझी आहे. ओवाळायची असेल तर ओवाळा, मालकिणीसकट."

ती तशीच उभी राहिली. ज्योती खिडकीच्या अगदी जवळ होत्या. मागच्या बायका कुजबुजायला लागल्या, बँजो एकेक करत थांबला, गल्लीच्या तोंडाशी कुणीतरी हॉर्न दाबून धरला. मी काच पूर्ण खाली केली, हात मांडीवर ठेवले आणि तिच्याकडे बघत बसून राहिले.

"होऊ द्या सावकाश," मी म्हटलं. "मी थांबते."